गाडी अजून निघाली नाही

गवई सर मोबाईलशी भांडतात. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं, ऑफिसभर ऐकू जाईल असं. स्क्रीनवर ‘काहीतरी चूक झाली’ असं आलं की ते चष्मा कपाळावर सारतात आणि त्याला विचारतात, “कोनाची? तुही का माही?” मोबाईल बिचारा काय बोलणार. मग सर आमच्याकडे वळून त्यांचा ठरलेला प्रश्न टाकतात. “बरं, झाली चूक. मंग मी आता काय करू?”

वाशिममध्ये एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खालून फवारणीच्या औषधाचा वास येतो, वर आम्ही मोबाईलची ॲप बनवतो. मी शबाना, कारंज्याची. कोड मी लिहिते आणि त्यातली वाक्यं गवई सर लिहितात. बटणावर काय असावं, ते दाबल्यावर काय दिसावं, एवढंच त्यांचं काम. माणूस किन्हीराजा गावचा, मराठीत एम.ए., कॉलेजात तासिकेवर वर्षानुवर्षं शिकवलेला. ते सोडून एवढ्याशा पगारावर इथं कशाला आले, हे आमचे मालक तुषारभाऊ यांना कधीच कळलं नव्हतं. मलाही नाही.

वाक्यांशी भांडायच्या सरांच्या या सवयीपायी आम्ही काय काय भोगलं ते आमचं आम्हाला ठाऊक. तुषारभाऊंनी बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर दुसऱ्या दिवशी ती लाल पेनानं तपासून परत. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ याला गोल केलेला आणि बाजूला लिहिलेलं, ‘जेवण कधी, कुठं?’ तुषारभाऊ आठवडाभर गाल फुगवून बसले होते.

नवं वाक्य लिहिलं की सर मोबाईल घेऊन बसस्टँडवर जाणार. कुणाही अनोळखी माणसाला ते वाचायला लावणार आणि विचारणार, आता तुमी काय करान? एकदा मेडशीच्या एका आजीला वाटलं, हा मेला ओटीपी काढून घेतो. तिनं पिशवीनंच ठोकलं. लोक जमले, कुणीतरी कॉलर धरली, शेवटी मला जाऊन सोडवून आणावं लागलं. मी रिक्षात तणतणत होते आणि हे खूश. म्हणे, मारलं तं मारलं, वाक्य पुरं वाचून मारलं.

मग ते ॲम्ब्युलन्सचं काम आलं.

एका खाजगी गाड्यावाल्याला ॲप हवं होतं. बटण दाबलं की मागणी त्याच्या ऑफिसात जाणार, तिथला माणूस गाडी मोकळी आहे का ते बघणार, मग फोन करणार आणि त्यानंतर गाडी निघणार. मधल्या वेळात स्क्रीनवर एक वाक्य दिसायचं. असल्या सगळ्या ॲपांत असतं तेच: ‘आपली विनंती यशस्वीरीत्या सादर झाली आहे.’ हिरवी अक्षरं, शेजारी बरोबरची खूण.

सर त्या वाक्याशी भांडले नाहीत. नुसते बघत बसले. चहा आला, गार झाला. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. संध्याकाळी त्यांनी स्वतःचं वाक्य आणून दिलं.

‘तुमचा निरोप भेटला. गाडी अजून निघाली नाही. निघाली की फोन करू. तोपर्यंत पेशंटला फाट्यावर नेऊ नका. मधात दुसरी गाडी भेटली तर आमची वाट पाहू नका, तिच्यात जा.’

शहरातल्या माणसाला हे फाट्याचं कळायचं नाही. आमच्याकडं गाडी गावात शिरेल याचा काय भरवसा? म्हणून गाडी येणार म्हटलं की माणसं पेशंटला बाजेवर घालून उचलतात आणि डांबरी रस्त्याच्या फाट्यावर नेऊन ठेवतात. एकदा तिथं नेलं की कुणी घरी परत आणत नाही. तिथंच वाट बघतात, मग ऊन असो की पाऊस.

गाड्यावाला शेठ ते वाचून उडालाच. माझ्याच पैशानं माझं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीत घालता का, असं त्याचं म्हणणं. तसं बघितलं तर धंद्याच्या हिशेबानं चूक नव्हतं. तुषारभाऊंनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, शेवटची ओळ काढा. सर म्हणाले, बाकीचं सारं बदला, ती ओळ राहील. तुषारभाऊंचा पारा चढला. ओळ राहिली तर तुम्ही उद्यापासून येऊ नका, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. सरांनी डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली, पण उठले नाहीत.

शेठ माणूस वाईट नव्हता. समजुतीनं म्हणाला, “अहो सर, दारात उभी असलेली गाडी सोडून देईन असा कोन येडा हाये? हे लिहाची गरजच काय?”

“म्या सोडली,” सर म्हणाले.

 मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून. त्यांच्या बायकोच्या, सुनीताबाईंच्या छातीत दुखायला लागलं होतं, धाप लागली होती. सरांनी ॲपवर गाडी मागवली. ॲप दुसऱ्याच कुणाचं, पण हिरव्या अक्षरांतलं वाक्य तेच. सरांनी शेजारची माणसं गोळा केली आणि बाईंना फाट्यावर नेलं. थोड्या वेळानं वाशिमची एसटी आली. ड्रायव्हरनं बाज बघून स्वतःहून गाडी थांबवली. कंडक्टर खाली उतरला, मागची सीट मोकळी करून देतो म्हणाला. सरांनी हात जोडून त्याला जायला सांगितलं. आमची गाडी निघाली आहे म्हणाले.

“सुनीता म्हणे, बसून घेऊ ना याच्यातच,” सर म्हणाले. “म्या तिले मोबाईल दाखोला. म्हटलं, हे पाय, सादर झाली. तिनं वाचलं. मंग ते काई बोलली नाही.”

ती गाडी आलीच नाही. बाई फाट्यावरच गेल्या. त्यानंतर सरांनी कॉलेज सोडलं आणि असली वाक्यं कोण लिहितं ते विचारत विचारत आमचा जिना चढले. मला रडू फुटलं. तुषारभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शेठ टेबलावर बोट फिरवत म्हणाला, राहू द्या ती ओळ.

सगळे गेल्यावर मी वाक्य ॲपमध्ये चढवलं आणि बघायला म्हणून मोबाईल सरांपुढे धरला. त्यांनी हातात घेतला नाही. खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले.

“तूच वाच,” म्हणाले.

मी वाचायला लागले. भराभर वाचून मोकळी होत होते. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

“हळू वाच, शबाना. तिले धाप लागली हाये.”

मी पुन्हा पहिल्यापासून, हळूहळू वाचलं.