यादीत नसलेली गोगलगाय

जयवंत परब रविवारी दुपारी वारला. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण पोलीस चौकीही तेच धरून चालली होती.

डिलाईल रोडवरच्या त्याच्या खोलीत शोकेस होतं आणि त्यात टीव्हीशेजारी एक रिकामी जागा. त्या जागेसाठी जयवंतने मालवणहून डब्यात खारं पाणी घालून एक नक्षीदार शंख आणला. आत जीव होता. नक्षी उठून दिसावी म्हणून रविवारी सकाळी तो शंख टूथब्रशने घासायला बसला.

"चावला गो," तो म्हणाला.

"शंख चावतो होय?" बायको शांता तांदूळ निवडत होती. "जन्मभर शिंपल्यातल्या तिसऱ्या खाल्ल्या, एक चावली नाही. हळद लावा."

हळद लावली. थोड्या वेळाने हात बधिर झाला, मग ओठ.

"शांता, जीभ जड झालीय."

"मग बोलू नका जरा वेळ."

त्यानंतर तो बोललाच नाही.

शेजारच्या हितेंद्रने टॅक्सी आणली, डबाही सोबत घेतला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी डब्यात पाहिलं आणि डबा लांब सरकवला. "समुद्री गोगलगाय. दात भाल्यासारखा मारते, मासे खाते. विषावर उतारा नाही. श्वास चालू ठेवायचा, बस."

दुपारी तोही थांबला.

सोमवारी चौकीत हवालदार सीताराम कॉम्प्युटरसमोर बसले. "प्राणी कोणता? साप, विंचू, कुत्रा, उंदीर. यातलाच घ्यावा लागतो, नाहीतर मृत्यूची नोंदच होत नाही. साप टाकू?"

"साप असता तर ह्यांनी घासला नसता," शांता म्हणाली. तिच्या मांडीवरच्या पिशवीत जयवंतचा इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. "साहेब, मला फक्त त्यांना घरी न्यायचंय."

"मग गोगलगाय दाखवा. बघून हाताने लिहितो."

शांताने हितेंद्रकडे पाहिलं. हितेंद्रने हातातल्या रिकाम्या डब्याकडे.

"काल दादर चौपाटीवर सोडली, वहिनी. मुकं जनावर. घाबरलेलं वाटलं."

सीतारामांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते पत्र लिहीत. एक प्रत शांताला दिली, दुसरी दादरच्या समुद्राच्या नावे काढली:

'सदर गोगलगाईने तीन दिवसांच्या आत मूळ दातासह चौकीत समक्ष हजर राहून जबाब नोंदवावा, म्हणजे पार्थिव नातेवाइकांच्या ताब्यात देणे सोयीचे होईल, ही नम्र विनंती.'