बेकरीतला बालकामगार

नियमांची पाटी लावायचीच, तर ती चार लोकांना दिसेल अशी लावावी, एवढाच साधा विचार बेकरीवाल्याने केला. (त्याला आजवर साधे विचारच महागात पडले होते.) 'येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवले जात नाही.' खाली तक्रारीसाठी फोन नंबर. अक्षरं पावाएवढी. जागा, गल्ल्याच्या बरोब्बर वर.

आणि गल्ल्यावर बसायचा त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. अंगाने काडी, आवाज कोवळा, दाढीमिशी औषधालासुद्धा नाही. गिऱ्हाईक पाटी वाचायचं, नजर खाली आणायचं आणि हळूच विचारायचं, "बाळ, शाळा बुडवलीस?"

दोन दिवस असे गेले. मग शेजारचा औषधवाला धापा टाकत आला. "शेठ, एका आजींनी त्या नंबरवर फोन लावला. निरीक्षकबाई निघाल्यात. दुकानाला कुलूप ठोकतात म्हणे."

बेकरीवाल्याचं सगळं घर या दुकानावर चालत होतं. मेहुण्याला घरी पिटाळावं, तर भट्टीत पाव, आणि भट्टी त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हती. (मालकाला तर नाहीच नाही.) शेवटी त्याने बायकोच्या पर्समधून काजळाची पेन्सिल उचलली.

"भाऊजी, हे काय?"

"मिशी. हलू नका."

"अहो, पण माझ्याकडे..."

"बोलू नका, फिसकटेल."

मिशी झकास उतरली. पण मेहुणा पाव काढायला भट्टीपाशी वाकला मात्र, ती ओठांवरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गळ्यावर ओघळली. नेमक्या तेव्हाच निरीक्षकबाई दारात उभ्या.

"एवढ्याशा पोराकडून भट्टीची काजळी काढून घेता? आणि वर ही पाटी?"

"बाई, हे माझे मेहुणे आहेत."

"पकडल्यावर सगळ्यांचे नातेवाईकच निघतात."

"अहो, थोरले मेहुणे."

"म्हणजे धाकटाही ठेवलाय?"

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. आवाज ऐकून आतून बायको आली. "दादा, तोंड कसलं काळं करून घेतलंस? आणि माझ्या पर्सला हात कुणी लावला?"

'दादा' ऐकून बाई थबकल्या. मेहुण्याने शांतपणे खिशातून ओळखपत्र काढलं. वय एकेचाळीस. "हेच दाखवणार होतो, पण भाऊजी तोंड उघडू देतील तर शपथ."

बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. कुलपाचा विषय मिटला. बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याच्या अंगात उगाच उत्साह संचारला. न मागता त्याने आपलंही ओळखपत्र पुढे केलं. "आणि मी तर यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान."

बाईंनी फोटो पाहिला. मग त्याचं टक्कल पाहिलं, पांढरी मिशी पाहिली, पोट पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"मुलाने चेहरा अगदी तुमचाच घेतलाय," त्या म्हणाल्या. "आता तुमचं कार्ड दाखवा, आजोबा."