चन्नबसम्मांच्या पायाचा तक्ता

घरात एक माणूस आजारी पडलं की दुसरं एक माणूस तज्ज्ञ होतं, हा निसर्गनियम आहे. आमच्या सासूबाईंचा, म्हणजे चन्नबसम्मांचा, गुडघा बदलला आणि हे पद माझ्याकडे आलं. (पात्रता: दहावी, मोबाइल आणि दुपारचा रिकामा वेळ.)

मी वाचलं ते असं. गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचं जातं. रक्तातल्या दाहाच्या आकड्यांवरून तिची चाहूल आधी लागते का, यावर मोठमोठे डॉक्टर अजून संशोधन करायलेत. मी चार दिवसांत निष्कर्षाला आले.

सासूबाईंना परभणीच्या दवाखान्यातून मानवतला घरी आणल्या दिवशीच मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. रकाने तीन, सगळे रक्ततपासणीचे: सीआरपी म्हणजे दाहाचा आकडा, डी-डायमर आणि पांढऱ्या पेशींतल्या दोन जातींचं प्रमाण. (रक्तातही जाती असतात हे ऐकून पाहुण्यांपैकी तिघांना मनापासून बरं वाटलं.) लॅबचा माणूस एक दिवसाआड येऊ लागला. डॉक्टरांनी त्याला एकदाच बोलवायला सांगितलं होतं. बाकीच्या वेळा मी सांगितलं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: यांना तासातासाला चालवा. पण एसटीचे धक्के खात भेटायला आलेल्या पाहुण्याला पेशंट चालताना दिसला, तर पाहुण्याचा अपमान होतो. म्हणून दारात चपला वाजल्या की सासूबाई पडून घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस पाहुणे आले. (चालणे, दररोजची सरासरी: संडासापर्यंत, दोनदा.)

नवव्या दिवशी त्यांचे भाऊ सिद्रामप्पामामा वालूरहून आले. चष्मा लावून त्यांनी आधी तक्ता पाहिला, मग बहिणीला.

"सीआरपी किती म्हनलीस, वैजयंते?"

"शहाण्णव होता मामा, आज अठरा."

"उतरायलाय की! अक्का, आता काई भ्याव न्हाई."

"पोटरी लय ठणकायली रे," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे. पोटरीला रकाना नव्हता.

भाऊ आला म्हणून सासूबाईंनी ऑपरेशनच्या वेळी काढलेले चांदीचे तोडे मागितले. मी घालायला बसले. एका पायात तोडा गेला, फिरकी बसली. दुसऱ्या पायात बोटभर कमी पडला. मी तोडा उलटसुलट करून पाहिला. थंडीनं चांदी आकसली असेल, असं मत दिलं. मग सासूबाईंना शांतपणे समजावलं, "आत्याबाई, सूज असती तर सीआरपी वाढला असता. सीआरपी उतरलाय. त्या अर्थी सूज नाही."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्या कागदालाच घाल की तोडा."

मामा हसले. मी सासूबाईंच्या पोटरीवर हात ठेवला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. ती कढत होती, आणि दगडासारखी घट्ट.

परभणीपर्यंत गाडीत मी एकही आकडा बोलले नाही. नुसता त्यांचा हात धरून बसले.

"तुला काय झालंय गं?" त्यांनी दोनदा विचारलं.

डॉक्टरांनी खिशातून टेप काढला आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. (असले टेप माझ्या शिलाई मशीनच्या खणात दोन आहेत.) चार सेंटिमीटरचा फरक निघाला. सोनोग्राफी झाली. गुठळी होती. अजून जागची हलली नव्हती. "आज आणलंत ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ताई, अक्षर छान आहे तुमचं."

इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत. सासूबाई आता पाहुण्यांना घ्यायला दारापर्यंत चालत जातात. पाहुण्यांना ते आवडत नाही. दोन्ही तोडे बसतात. तक्त्याच्या कागदावर आम्ही कुरडया वाळवल्या.

या सगळ्यात चूक माझी एकटीचीच, हे मला कबूल आहे. फक्त एक बघा. सीआरपी शहाण्णववरून अठरावर आला, हे तुमच्या ध्यानात असेल. ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं की उजव्या, हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुमीबी विचारलं न्हाई.