तोताराम नानांचं गार हवेचं यंत्र

बंद पडलेल्या यंत्राच्या देखत त्याच्याविषयी कुणी वाईट बोललेलं तोताराम नानांना खपत नसे. "भाईर चला, मास्तर," म्हणत ते माझा हात धरून मला ओट्यावर नेत आणि हलक्या आवाजात विचारत, "आते बोला. काय व्हयनं त्याले?"

मी जळगावच्या एका शाळेत भूमिती शिकवत होतो. भूमिती येणाऱ्याला यंत्रातलं काही कळतंच असं नाही, हे नानांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण आमची भिंत एक. त्यामुळे त्यांची सायकल रुसो, रेडिओ रुसो, नाहीतर शिवणाचं मशीन, बोलावणं मलाच.

नाना मूळचे चोपड्याकडचे केळीवाले. मुलगा शेत बघायला लागला तसे नाना आणि त्यांची बायको अक्का जळगावला राहायला आले. बैल मागे राहिले, पण बैलांची सवय सुटली नाही. यंत्र थकलंय का, त्याला जागा मानवत नाही का, कुणी टाकून बोललंय का, याची ते आधी चौकशी करत. पान्ह्याला हात त्यानंतर. संताप याचा, की पुष्कळदा यंत्र चालूही होई! मग नाना आठवडाभर गल्लीत छाती काढून हिंडत. मात्र एखादं चालू झालं नाही आणि कुणी हसलं, तर त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवरून उठत.

स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांत इथल्या एका जिनिंग फॅक्टरीचा गोरा साहेब विलायतेला निघाला. त्याच्या सामानाचा लिलाव झाला. नाना गेले होते आरामखुर्ची आणायला. बैलगाडीतून आणली ती भली मोठी लोखंडी पेटी. गार हवेचं यंत्र! उचलायला आम्ही सहाजण लागलो आणि माझी कंबर त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

यंत्र आणलं अक्कासाठी. आमची सगळी घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. वैशाखात जेवणं आटोपली की अख्खी गल्ली धाब्यांवर अंथरुणं टाकते आणि या धाब्यावरून त्या धाब्यावर गप्पा चालतात. अक्का त्या गप्पांची मुकादम. पण आदल्या वर्षी पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं आणि शिडी सुटली. उचलून वर नेऊ द्यायला ती तयार नव्हती. "मी काय कापूसनी गठडी शे?" म्हणायची. खालच्या खोलीत, भट्टीसारख्या उकाड्यात, ती बाजेवर पडून राही. ते बघून नानांचा जीव तुटे. "ती वर जात नही ना, मंग थंड हवा खाली आणसू," असं त्यांनी मला बजावलं होतं.

खिडकी तोडून यंत्र बसवलं. बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं आणि गप्प झालं.

"बोलनं ना!" नाना खूश.

पुढे माझ्या सुट्टीचा सत्यानाश झाला. फ्यूज बदलले, तार बदलली, फिरवायच्या गुंड्यांना तेल दिलं. नानांनी पेटीला कुंकू लावलं. वायरमन आला, "विलायती माल आहे, भंगारात द्या," म्हणाला, आणि ओट्यावर नेला गेला. नवा गोठा मानवेना म्हणून यंत्राला दोन दिवस विश्रांती झाली. त्या दोन दिवसांत आम्ही त्या खोलीत कुजबुजत बोलत होतो.

शेवटी माझं डोकं फिरलं. "नाना, हे धूड चालणार नाही!" मी यंत्राच्या तोंडावर ओरडलो. नानांनी घाईघाईने त्याच्यावर टॉवेल टाकला. मी तणतणत मागच्या बोळातून घरी निघालो, आणि यंत्राची पाठ पहिल्यांदाच नीट पाहिली. तिच्या फटींतून वाळका पाला बाहेर डोकावत होता.

ओढला तर मूठभर निघाला. मग आणखी. आतला पंखा पाल्यात पुरता जखडलेला.

"नाना, हे काय आहे?"

"केळीना पाला," नाना शांतपणे म्हणाले. "मागून ऊन लागस त्याले. केळीना घडले नही का गुंडाळत आपण?"

 पोतंभर पाला काढला. आत जाऊन बटण दाबलं आणि यंत्र चालू झालं.

दिवेलागणीपर्यंत खोली गार पडली. नानांनी दार लावलं, छताच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या, अक्काच्या अंगावर गोधडी घातली. वैशाखात गोधडी! मलासुद्धा, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. जेवणं उरकून लोक वर चढायची वेळ झाली. अक्का छताकडे बघत पडली होती.

"बंद करा ना ते," ती म्हणाली.

"थंडी वाजस का?"

"नही. त्याना आवाजमा वरनं काहीच ऐकू येत नही. दिनभर मी तेन्हीच तर वाट देखस."

 नाना उठले, बटण बंद केलं आणि काठीने झरोक्यातल्या चिंध्या पाडल्या. गरम हवा आली आणि तिच्याबरोबर वरच्या बायकांचं बोलणं आलं. कुणाची तरी सून लोणच्यात मीठ विसरली होती. "कितला कैऱ्या होत्यात?" अक्काने खालूनच मोठ्याने विचारलं, आणि वरून उत्तरही आलं.

तेवढ्यात शेजारच्या धाब्यावरून कुणीतरी हाक दिली, "नाना, व्हयनं का चालू यंत्र?"

मी तोंड उघडणार, तोच नानांनी माझा गुडघा दाबला. नवऱ्याने एवढं आणलं आणि हिला नको झालं, असं गल्लीने अक्काला म्हटलेलं त्यांना नको होतं. 

"नही रे भाऊ," नाना झरोक्याकडे तोंड करून म्हणाले. "माले नही जमनं."

वर सगळी धाबी हसली. नाना अक्काची बाज झरोक्याखाली सरकवत होते. मी दुसऱ्या बाजूने हात लावला.