सातव्या दिवसाचा चहा

पुंडलिकराव खंडारे माणसाला तोंडावरून ओळखत नसत, दंडावरून ओळखत. रस्त्यात कोणी रामराम केला की ते आधी त्याची डावी बाही वर सारत, देवीच्या टोचणीचे वण निरखत आणि मग त्यांचा चेहरा उजळे. "हां! तू मोर्शीच्या कासाराचा धाकला. तुह्या मायनं मले झाडू घेऊन मारुतीच्या पारापोत पिटाळलं होतं. बरी हाय का माय?" ज्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला असेल त्याच्याशी त्यांचं बोलणं फार वेळ रंगत नसे.

पुंडलिकराव देवी टोचणारे. पंचवीस-सव्वीस वर्षांची नोकरी, आधी जिल्ह्याच्या गावागावांतून सायकलवर आणि शेवटची काही वर्षं अमरावतीत आमच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात. मी त्याच खात्यात कारकून होतो, आणि बुधवारा भागात आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक भिंत होती. त्यामुळे ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे ते माझ्या वाट्याला आले होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लहानपणी, आम्ही खेड्यात राहत असताना, मलाही त्यांनीच टोचलं होतं. त्या काळी दंडावर चार टोचे देत. माझे तीन लागले, चौथा काही लागला नाही. आता एखाद्या माणसाने असली गोष्ट विसरून जावी. पुंडलिकराव विसरले नाहीत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील चौकशीला आले, तर पुंडलिकराव त्यांना ओट्यावर बसवून अगदी गंभीरपणे सांगते झाले, "पोरगा सोन्यासारखा हाय जी. नोकरी पक्की, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई. फक्त चौथा टोचा लागला नाई." ते गृहस्थ घाबरून गेले. हे कशाबद्दल चाललंय हे त्यांना समजावता समजावता माझ्या आईच्या नाकी नऊ आले.

त्यांच्या खिशात दोन वस्तू कायम असत. एक टोचायची फिरकी: बोटभर लांब, खाली बारीक दात असलेली. लशीचा थेंब दंडावर ठेवून ती कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवायची. दुसरी वस्तू बत्ताशांची पुडी. फिरकी फिरली की लेकरू टाहो फोडे, आणि उघडलेल्या तोंडात ते अचूक बत्तासा टाकत. आया शिव्या देत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "रडणं दोन मिन्टाचं हाय माय, तोंड जल्माचं हाय. तोंड सांभाळू का रडणं?"

पण टोचणं हा त्यांच्या लेखी कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा सातव्या दिवशी. नियमच होता तसा. सातव्या दिवशी पुन्हा त्या घरी जायचं, दंडावर फोड आलाय का ते पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं: 'लागली' किंवा 'लागली नाही'. बाकीचे टोचणारे हे काम पुष्कळदा ऑफिसात बसूनच उरकत. पुंडलिकराव मात्र सातव्या दिवशी धुतलेला सदरा घालून निघत. त्या दिवशी फोड टपोरा असे, लेकरू हसत दंड पुढे करी, शिव्या दिलेली आई खाट टाकी, चहा ठेवी. "पयल्या दिवशी शिव्या, सातव्या दिवशी चहा," ते म्हणत. "आपला धंदा असा हाय, बावा."

राहता राहिली त्यांची छाती. तरुणपणी त्यांनी दहा-बारा वर्षं अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात काम केलं होतं. तिथे सरकी काढताना जो बारीक कापूस उडतो तो सगळा पुंडलिकरावांनी आत घेतला, असा त्यांचा दावा. "या छातीत अकोल्याची एक आख्खी गादी भरून हाय," असं ते छातीवर थापटी मारून सांगत, आणि थापटी मारली की खोकला सुरू होई. त्यांच्या खोकल्याचे तीन प्रकार होते. छोटा खोकला म्हणजे "मी आलो". मधला म्हणजे "तुमी खोटं बोलून राहिले". आणि मोठा सुरू झाला की आम्ही खुर्ची पुढे करायचो, कारण तो दहा-दहा मिनिटं त्यांना वाकवून ठेवी आणि डोळ्यांत पाणी आणी. मोठ्या खोकल्याची कोणी थट्टा करत नसे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. आमच्या गल्लीत घरोघरी अंथरुणं पडली. बाकीचे आठ दिवसांत उठून बसले, पुंडलिकराव तीन आठवडे उठले नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकू, वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आई सकाळ-संध्याकाळ त्यांना मुगाचं पाणी पाजायची, आणि मी भिंतीला कान लावून बसायचो. खोकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं. आमच्या खात्याचे डॉक्टर पुण्याकडचे, तोलून मापून बोलणारे. तेसुद्धा बाहेर येऊन मला म्हणाले, "या वेळी वाचले. पुन्हा हाच ताप आला तर ही छाती तग धरणार नाही, आणि साथ पुन्हा येईल असं दिसतंय."

पावसाळा सरला आणि त्या फ्लूवरच्या लशीच्या थोड्याशा बाटल्या खात्यात आल्या. आरोग्याचं काम करणार्‍यांना आधी द्यायच्या होत्या. डॉक्टरांनी यादी केली आणि पहिलं नाव लिहिलं पुंडलिकरावांचं. ऑफिसात एकच खळबळ उडाली. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, छातीचा माणूस तो. धडधाकटाला द्या. सुई सोसायला अंगात ताकद नको?" मग डॉक्टरांनी ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार करतात असं सांगितलं, तेव्हा हेडक्लार्क स्वतःचं नाव यादीतून काढून घेण्याच्या धांदलीत लागले आणि वाद तेवढ्यापुरता थांबला.

पण पुंडलिकराव थांबले नाहीत. अर्ध्या जिल्ह्याला टोचणारा हा माणूस सुई पाहताच भिंतीला टेकला. "डॉक्टरसाहेब, पंचवीस वर्षांत आजारी लेकराले मी हात लावला नाई. खोकला दिसला का माघारी येत होतो. नियम हाय तो. मंग मी खोकलून राहिलो ते तुमाले आयकू येत नाई का? मले काहून टोचता?"

"ज्याला आज ताप आहे, अंगात आजार चढलाय, त्याला थांबायला सांगतात," डॉक्टर म्हणाले. "तुमचा खोकला आजचा नाही, तीस वर्षांचा आहे. फ्लू धडधाकट माणसाला आठ दिवस झोपवतो, तुमच्यासारख्याला घेऊन जातो. ज्याचं छप्पर गळकं, त्यानंच पावसाळ्याआधी कौलं फेरून घ्यायची असतात, पुंडलिकराव."

"म्हंजे घेतल्यावर फ्लू येनारच नाई?"

"तसं मी म्हणणार नाही. पण आला तरी इतका जोर करणार नाही, अशी आशा आहे."

"आशा!" पुंडलिकरावांनी मधला खोकला काढला. "देवीच्या लशीत आशा नसते जी. फोड दिसते." एवढं बोलून ते छत्री घेऊन चालते झाले.

आठ दिवस ते डॉक्टरांना चुकवत होते. एकदा उघडलेली बाटली लगेच वापरली नाही तर वाया जाते, त्यामुळे डॉक्टरही चिडले होते. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मोर्शीकडे फ्लू पुन्हा दिसतोय अशी बातमी आली होती, आणि भिंतीपलीकडून मोठा खोकला रोज ऐकू येत होता. शेवटी मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिने हात धुतले आणि तडक शेजारी गेली.

"काहून जी भाऊ, सुई घेत नाई म्हने?"

"वयनी, तुमाले त्यातलं समजत नाई."

"मले एवढं समजते," आई म्हणाली. "माह्या लेकराले टोचलं तवा मी तुमाले काय काय बोलली. अन् तुमी मले म्हनलं, रडणं दोन मिन्टाचं हाय माय. म्हनलं का नाई?"

आपलं वाक्य आपल्यालाच ऐकावं लागेल, हे पुंडलिकरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी छोटा खोकला काढून पाहिला, पण आई हलली नाही. दुसर्‍या दिवशी ती स्वतः त्यांना घेऊन ऑफिसात आली, आणि डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा तिने त्यांच्याच खिशातली पुडी काढून त्यांच्या तोंडात बत्तासा टाकला. सगळं ऑफिस हसलं. पुंडलिकरावांनी डोळे मिटले होते, पण बत्तासा चघळत होते.

पुढचे सहा दिवस त्यांनी दंडाला पाणी लागू दिलं नाही. सातव्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते समोर उभे, डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली.

"पाह्य."

मी पाहिलं. "काही नाही दिसत, काका."

"तेच तं! काईच नाई. सपाट. लागली नाई बावा माही."

मला हसू आवरेना. देवीच्या लशीचा हिशेब त्यांनी या लशीला लावला होता. मी कसंबसं सांगितलं की या लशीला फोड येत नसतो. त्यांना ते पटलं नाही. डॉक्टर कधी येतील पाहायला, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टर त्या दिवशी शेंदूरजनाघाटला दौर्‍यावर होते. मी ऑफिसात जाऊन हा किस्सा रंगवून सांगितला. हेडक्लार्क तर टेबलावर डोकं ठेवून हसले. पुंडलिकरावांनी त्या दिवशी रजा टाकली होती, म्हणून सगळ्यांना मोकळेपणी हसता आलं.

संध्याकाळी घरी परतलो तर त्यांचं दार उघडं होतं. ओटा सारवलेला. ओट्यावर खाट, खाटेवर धुतलेली चादर. पुंडलिकराव कडक इस्त्रीचा सदरा घालून एका कडेला बसले होते, बाही अजून वरच. स्टुलावर दोन कप पालथे घालून ठेवलेले, शेजारी किटली. मला पाहून त्यांनी बाही खाली करायला घेतली आणि मधेच सोडून दिली.

"सकाळपासून बसले काय काका?"

"सातवा दिवस हाय ना," ते म्हणाले. मग किटलीला हात लावून पाहत, "या लशीले फोडच येत नाई म्हनतो तू. म्हंजे सातव्या दिवशी कोनी पाहाले बी येत नाई का?"

ऑफिसात मी सगळ्यांना हसवलं त्याची इतकी लाज वाटली की मी चप्पल न काढताच मागे वळलो. धावतपळत ऑफिस गाठलं, शिपायाकडून खोली उघडवून घेतली, रजिस्टर घेऊन आलो आणि त्यांच्या खाटेवर बसलो. त्यांचा दंड हातात घेतला. इतका बारीक दंड असेल असं वाटलं नव्हतं. जिथे सुई टोचली होती तिथे अंगठ्याने हलकेच दाबलं.

"दुखतं?"

"जरासंक."

"ताप?"

"पयल्या रात्री कणकण होती."

"म्हणजे अंगाने घेतली," मी म्हणालो. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. त्यांच्या देखत मी रजिस्टरात लिहिलं: खंडारे पुंडलिक, सातवा दिवस, लागली. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, माझं एक वेलांटीचं वळण सुधारायला लावलं आणि किटलीतला चहा कपात ओतला. तो सकाळपासून किती वेळा गरम केला होता देव जाणे. काळाकुट्ट, कडूजहर. मी दोन कप प्यालो.

त्या हिवाळ्यात गल्लीत फ्लू पुन्हा येऊन गेला. पुंडलिकराव चार दिवस झोपले आणि पाचव्या दिवशी आईशी मुगाच्या पाण्यावरून भांडले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. लशीमुळे की नशिबामुळे, मी सांगू शकत नाही. त्यांच्या मनात मात्र शंका उरली नाही. यादीतल्यांचं घेऊन झाल्यावर दोन-तीन बाटल्या उरल्या होत्या. त्यातल्या एकीसाठी त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून जिनातला जुना सोबती अकोल्याहून बोलावून घेतला. तोही तसाच छातीचा आणि तसाच हट्टी. "छातीवाल्यानंच आंधी घ्यायची असते, गळक्या घराचे कवेलू आंधी फेरतेत," असं पुंडलिकरावांनी त्याला इतक्या अधिकाराने सांगितलं की डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

सातव्या दिवशी सकाळच्या मोटारीने पुंडलिकराव अकोल्याला गेले, धुतलेला सदरा घालून. दिवेलागणीला परत आले. मी ओट्यावरच होतो.

"काय काका, काय दिसलं?"

"काई नाई. सपाट," ते समाधानाने म्हणाले. "दोन खेपा चहा पाजला त्यानं. उठूच देत नव्हता."

मग ते माझ्याजवळ बसले. सवयीप्रमाणे माझी डावी बाही वर सारली आणि तीन वणांच्या शेजारची मोकळी जागा बोटाने चाचपत राहिले. एरवी या वेळी ते मान हलवत, चुकचुकत.

"तुहा चौथा बी लागला असन, बावा," ते म्हणाले. "दिसत नाई, एवढंच."