तिसऱ्यांदा ‘या ना’

इवार हल्ली जागेपणीच समुद्रात असायचा. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणी बर्फ उपसायचं फावडं मागितलं की तो फावडं द्यायचा, पण देताना असा काही गालातल्या गालात हसायचा की गिऱ्हाईक फावडं उलटसुलट करून बघायचं. बाहेर जानेवारी होता. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, हेरॉन फॉल्समध्ये, जानेवारीत नाकातले केससुद्धा गोठून टोचायला लागतात आणि तळ्यावरून लोक खुशाल ट्रक चालवत नेतात. इवारच्या डोक्यात मात्र पांढरी वाळू होती, कोमट पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या कडेने तो आणि डेल हातात हात घालून चालत होते. पोचायचं कुठेच नव्हतं. नुसतं चालायचं होतं.

डेल शाळेची बस चालवायचा, आणि गावाच्या लेखी तो इवारचा भाडेकरू होता. वीसेक वर्षांपूर्वी तो राहायला आला तेव्हा इवारने शेजाऱ्यांना तसं सांगितलं, आणि नंतर ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं. वरच्या मजल्यावर त्याची म्हणून सांगितलेल्या खोलीत आता शिवणयंत्र आणि टोमॅटोच्या रोपांची खोकी होती. डेलने घराचे पडदे बदलले, स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला, इवारच्या आईला तिच्या शेवटच्या आजारात चमच्याने भरवलं. तरी भाडेकरू तो भाडेकरूच.

मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर डेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात नर्सने इवारला विचारलं, “तुम्ही यांचे कोण?” इवार क्षणभर तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “घरमालक.” डेल तेव्हा शुद्धीवर होता. घरी आल्यावर एका संध्याकाळी सूप पिता पिता म्हणाला, “इवार, मला एकदा अशा ठिकाणी घेऊन चल, जिथे तू माझा घरमालक नसशील.”

इवारने चमचा खाली ठेवला. त्याने तिथल्या तिथे वचन दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बेटं धुंडाळायला सुरुवात केली. शेवटी त्याला सांता कोर्दुला सापडलं. इवलंसं बेट, आणि तिथलं एक हॉटेल, जिथे समलिंगी जोडप्यांचं मनापासून स्वागत होत असे. तिथे राहून आलेल्या कुणीतरी लिहिलं होतं : ‘आम्ही दोघं हातात हात घालून नाश्त्याला गेलो. वेटरने अंडी कशी हवीत, एवढंच विचारलं.’ हे वाक्य इवारला इतकं आवडलं की तो ते डेलला येताजाता वाचून दाखवायचा.

“तू कशी मागशील?” डेल विचारायचा.

“उकडलेली.”

“एवढं बेटावर जाऊन उकडलेली? तू काही सुधारत नाहीस.” पण डेल हसायचा, आणि ऑपरेशननंतर तो हसला की इवारला सगळं भरून पावल्यासारखं वाटायचं.

आता हेरॉन फॉल्सची एक रीत आहे. कुणालाही काही चांगलं सांगितलं की ‘तुम्ही पण या ना’ म्हणायचं. समोरच्याने ‘छे, नको’ म्हणायचं. मग पुन्हा ‘या ना’, पुन्हा ‘नको’. इथवर सगळं वरवरचं, कुणी कुठे जात नाही. पण तिसऱ्यांदा केलेला आग्रह खरा धरतात. तो मोडणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि तिसऱ्यांदा बोलावून मग ‘येऊ नका’ म्हणणं, हे तर गावात आजवर कुणी केलेलंच नाही.

शेजारची लाव्हॉन बटाटा आणि खिम्याचा गरम ट्रे घेऊन नेहमीसारखी दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा टेबलावर बेटाचं चित्र पसरलेलं होतं. ते झाकायला इवारकडे टोस्टशिवाय काही नव्हतं.

“अगंबाई, समुद्र!” ट्रे ठेवत ती म्हणाली. “कुठे निघालात रे दोघं?”

“मासे धरायला,” इवार म्हणाला.

“मासे? मग हे मागचं तळं काय धुणी धुवायला आहे?”

“तिकडचे मासे मोठे असतात.”

“आणि भाडेकरूला कशाला नेतोस?”

“डेल ना? तो... गळाला आमिष लावतो.”

शेगडीशी उभा असलेला डेल उगाचच खोकला.

“मजा आहे बाई तुमची. आमच्या मर्लने लग्न झाल्यापासून मला जवळच्या डुलुथच्या पुढे नेलं नाही.”

“मग तुम्ही पण या ना,” इवार म्हणाला. म्हणायचंच असतं.

“छे! तुमच्यात आम्ही म्हातारे कुठे!”

“म्हातारे कसले? या ना.”

“नको रे बाबा. विमानात मर्लचे कान दुखतात.”

इथे विषय संपला होता. ट्रेचं कौतुक करायचं आणि बाईला निरोप द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. पण लाव्हॉनने ते चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, आणि चित्रातलं पाणी लखलखलं. इवार मनाने निघालाच. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून डेल पुढे चालला होता, पायाखालून लाट सरकत होती, वाळू तळव्यांना गुदगुल्या करत होती. डेलने मागे वळून हात पुढे केला. त्या घडीला इवारला इतकं सुख झालं की हे सगळ्या जगाला मिळावं असं वाटलं.

“अगं, खरंच या ना गं,” तो म्हणाला.

डेलच्या हातातला डाव खाली पडला.

“आता एवढा आग्रहच करतोस तर,” लाव्हॉनचा चेहरा फुलला, “मर्ल घालेल की कानात कापूस!”

मर्लने ही बातमी तळ्यावरच्या आपल्या खोपटात, मासे धरायला बर्फाला पाडलेल्या भोकापाशी बसून मित्राला, टोइवोला, सांगितली. दुसऱ्या दिवशी टोइवो दुकानात आला आणि एक बिजागरी हातात घेऊन उघडझाप करत राहिला.

“मासे मोठे आहेत म्हणे तिकडे,” तो म्हणाला.

इवार सावध होता. त्याने मोजून दोनदा बोलावलं आणि जीभ दातांखाली धरली. टोइवोनेही रीतसर दोनदा नको म्हटलं. पण नंतर तो गेलाच नाही. बिजागरी कुईकुई करत राहिली. बायको गेल्यापासून टोइवो गप्प बसण्यात तरबेज झाला होता, आणि त्याच्यासमोर गप्प बसणं इवारला कधीच जमलं नव्हतं.

“या ना,” इवार कळवळून म्हणाला.

“आलोच समज,” टोइवो म्हणाला आणि बिजागरी जागेवर ठेवून गेला.

रविवारी चर्च सुटेपर्यंत अर्ध्या गावाने उन्हाच्या टोप्या घेतल्या होत्या. इवारला आता सगळ्यांना परतवायचं होतं, आणि तेही न दुखावता. तेव्हा त्याने बेटाची निंदा आरंभली.

“तिकडचं ऊन सोसत नाही हो,” तो चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाला.

“सोसत नाही?” पाद्रीबाईंनी डोळे मिटले. साखर चघळावी तसा त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. त्यांच्या पापण्यांवर बर्फ साठलं होतं.

“आणि डास!”

“आपल्या जूनमधल्या डासांसमोर ते काय टिकणार?” मर्लचा गावाभिमान जागा झाला.

“शार्क आहेत,” इवारने शेवटचा उपाय केला.

टोइवो तडक घरी गेला आणि जाड दोरी शोधायला लागला. पाद्रीबाई म्हणाल्या, त्यांनाही बहिणीबरोबर यायला जमेल असं दिसतंय.

त्या दिवशी जेवताना डेल बराच वेळ काट्याने वाटाणे इकडून तिकडे ढकलत होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“शाळेतली पोरं परवडली,” तो अखेर म्हणाला. “त्यांना नाही म्हणता येतं.”

“डेल, मी करतो काहीतरी.”

“काय करणार? तिकडेही मी आमिषच लावणार ना?”

इवारने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याला समुद्र दिसेनासा झाला. डोळे मिटले की नर्सच दिसायची, आणि तिचा तो साधा प्रश्न.

खोल्या ठरवायची बैठक चर्चच्या तळघरात भरली. लांब टेबल, केक, आणि लाव्हॉनच्या हातात कॉफीची किटली. सगळा कारभार तिने आपणहून अंगावर घेतला होता. मर्ल कानात कापूस घालून बसला होता. सवय असावी म्हणून त्याने आठवडाभर आधीच सुरुवात केली होती.

“मर्ल आणि मी एका खोलीत,” लाव्हॉन म्हणाली. “पाद्रीबाई आणि त्यांची बहीण एकीत. टोइवो एकटा, कारण तो घोरतो. आणि इवार...” ती थांबली. “इवार आणि डेलचं कसं करायचं?”

सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात पाहिलं.

दोन खोल्या, असं म्हणून टाकलं की झालं असतं. शब्द इवारच्या ओठांवर आलाही. शेजारी डेल कागदी रुमालाची घडी घालत होता, घडीची घडी, आणखी बारीक घडी, जणू तो रुमाल नाहीसाच करायचा होता.

“एक,” इवार म्हणाला. “खोली एक. पलंगही एकच.”

इवार उभा राहिला.

“डेल माझा भाडेकरू नाही. कधीच नव्हता. आणि मासेबिसे सगळं खोटं. आम्हाला हातात हात घालून फिरायचं होतं, जिथे ओळखीचं कुणी नसेल. बस, एवढंच. तेव्हा... तुम्ही कुणी येऊ नका. मी बोलावलं ते मनापासून नव्हतं.”

तळघरातल्या सगळ्यांनी श्वास आत ओढला. केकचा चमचा बशीत पडला.

“काय म्हणाला हा?” मर्लने कानातला कापूस काढला.

“म्हणाला, येऊ नका,” टोइवो मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला.

“नाही, त्याच्या आधी काय म्हणाला?”

“आधी विशेष काही नाही. तो आणि डेल. ते आपल्याला माहीतच आहे.”

“येऊ नका?” लाव्हॉनचा आवाज कापत होता. “तीनदा बोलावून? इवार, तुझ्या आईने हे शिकवलं तुला?”

इवार खुर्चीचा आधार घेऊन बघत राहिला. “थांब. तुम्हाला... माहीत होतं?”

“अरे, कुठल्या घरमालकाच्या आईला भाडेकरू भरवतो?” लाव्हॉन म्हणाली. “आणि ते पडदे! ते काय तू निवडलेस? तू सांगत नव्हतास म्हणून आम्ही विचारत नव्हतो.”

“इतकी वर्षं?” डेलने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“विचारणं बरं दिसत नाही,” पाद्रीबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

डेल हसायला लागला. आधी खांदे हलले, मग टेबल हललं, मग त्याने छातीवर हात ठेवला आणि सगळे घाबरून अर्धवट उठले. त्याने दुसऱ्या हाताने त्यांना खाली बसवलं आणि डोळे पुसत हसत राहिला. इवार मात्र हसेना. जे झाकण्यात त्याची हयात गेली, ते गावानेही त्याच्यासाठी झाकून धरलं होतं. दोन्हीकडून पांघरूण, आणि मध्ये डेल. इवारला रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.

“बरं, जाऊ दे,” लाव्हॉन जरा वेळाने म्हणाली. “तुमचं खरं आहे. तुम्ही दोघंच जा. आम्ही नाही येत.” तिच्या मांडीवर गवताची नवी टोपी होती. टोपीला बारीक शिंपले लावलेले होते. ती एकेका शिंपल्यावरून बोट फिरवत होती.

“माझं काय,” टोइवो म्हणाला. “तळं आहेच.”

इवारने डोळे पुसले आणि ती टोपी पाहिली. डुलुथच्या पुढे न गेलेली लाव्हॉन पाहिली. मर्लच्या हातातले कापसाचे बोळे पाहिले.

“राग मानू नका,” तो म्हणाला. “या ना.”

डेलचं हसू थांबलं.

“नको रे,” लाव्हॉन म्हणाली. “तुम्हाला एकांत हवा.”

“एकांताचं काय एवढं? या ना.”

“नको म्हटलं ना. आम्ही आलो तर तुम्हाला मोकळं वाटणार नाही.”

एक शिंपला टोपीवरून निखळून टेबलावर पडला. इवारचा चेहरा विरघळला. त्याने तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि डेलने टेबलावरून झडप घालून त्याचा हात धरला. असा काही आवळला की शब्द इवारच्या घशातच राहिला.

इवारने तो शब्द गिळला. गिळल्यावर संकट टळलं होतं, तेव्हा आता हात सोडायला हरकत नव्हती. डेलने तो सोडला नाही. केकच्या बशांमध्ये, सगळ्या गावासमोर, ते दोन हात तसेच राहिले. डेलचा तळवा ऊबदार होता, आणि इवारला कितीतरी दिवसांनी पायाखालून वाळू सरकल्यासारखं वाटलं.

लाव्हॉन किटली घेऊन टेबलाला वळसा घालत आली. इवारच्या कपापाशी तिने त्या हातांकडे पाहिलं.

“कॉफी?”

“नको.”

“घे रे.”

“नको, झाली.”

“अरे, घे.”

इवारचा उजवा हात मोकळा नव्हता. त्याने डाव्या हाताने कप पुढे सरकवला. लाव्हॉनने तो काठोकाठ भरला आणि दूध किती हवं, एवढंच विचारलं.