सिंगापूर किती मुक्काम?

आमच्या तांड्यातले देवसिंगकाका किलोमीटर मानतच नाहीत! कुठलंबी गाव सांगा, त्यायचा एकच प्रश्न, "मुक्काम किती?"

त्यायचे पणजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे. दिवसभर चालायचं, सांज झाली की पाणी पाहून मुक्काम. काकानं सोताचा जल्म शेतीत काढला, दारात ट्रॅक्टर हाय, पण हिशेब अजून बैलाचाच. बोरी अरब म्हणजे पाव मुक्काम. यवतमाळ दोन. मी स्कूटीवर बाजारात निघाली तरी ओट्यावरून हाक येते, "पोरी, वाटेत पाणी कुठं लागते, पाह्यलं का?" अहो काका, दहा मिनिटांत पोचते मी!

तर यायची पोरगी कविता नर्स झाली अन् तिले नोकरी लागली थेट सिंगापूरले. काका माह्याकडं आले. "मुंबईपासून किती मुक्काम?"

मी मोबाईलवर पाह्यलं. चार हजाराच्या आसपास किलोमीटर. बैल दिवसाले पंधरा चालले असं धरलं तर... "काका, अडीचशेच्या वर!"

"आठ-नऊ महिने!" काका खालीच बसले.

काकी आतून ओरडली, "अन् मधातल्या समुद्रात बैल पोहणार हायेत का?"

तिकिटावर होतं, मुंबईहून सकाळी अकराला निघणार, तिथं संध्याकाळी सातला पोचणार. काकानं बोटं मोजली. आठ तास. म्हणजे सातच्या आत फोन येणं शक्यच नाही.

अन् त्या दिवशी पाच वाजायच्या आतच फोन वाजला! मी तिथंच होती. स्पीकरवर कविता, "बा, उतरली मी!"

काकाचं तोंड पांढरं फटक. "काहून उतरली? मधातच मुक्काम टाकला का त्यायनं? जंगल हाय का तिथं? जागेवरून हलू नको! त्या पायलटले दे फोन!"

"बा, सिंगापूरच हाय! सात वाजून गेले इथं."

"खोटं नको बोलू. ऊन हाय अजून."

मी मोबाईलवर भराभर टाइप केलं अन् हसूच आलं! तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. विमानाले लागतात साडेपाचच तास. "काका, पोचली ती! बरोब्बर पोचली!"

पण त्यायले पटेना. शेवटी कवितानं व्हिडिओ लावून काचेबाहेरचं दाखवलं. तिकडं दिवे लागले होते. काकानं तिथला अंधार पाह्यला, मग आपल्या आंगणातलं ऊन पाह्यलं, मग परत स्क्रीन. "म्हंजे... पोचली तू?"

"पोचली, बा."

फोन ठेवून काका भिंतीले टेकले. मोठा श्वास सोडला. मग हळूच म्हणाले, "आता वाढ व."

"आत्ता? जेवण राह्यलं काय यायचं?" मी काकीले विचारलं.

काकी ताट घेऊन आली. "सकाळपासून फक्त पाणी. घरचं माणूस पोचल्याबिगर घास उतरत नाही यायले. अन् घरचंच कायले? तू परीक्षेसाठी पुण्याले गेलती, तवाबी असेच बसले होते. तुह्या मायनं सांगतलं पोचली म्हणून, तवा जेवले."

मले हे माहीतच नव्हतं!

"चूप व," काका भाकर मोडत म्हणाले, "चटणी दे."

तवापासून मी कुठंबी गेली, अगदी यवतमाळले, तरी एसटीतून उतरल्या उतरल्या पहिला फोन त्यायलेच करते.

"काका, पोचली. जेवून घ्या."